लेकुरवाळी मरळ : भीमा आणि उजनीच्या काठाने चार दिवस

सोलापूरकरांचा आणि उजनीचा संबंध बहुतेक वेळा नळाला पाणी किती दिवसांनी येणार आणि धरण किती टक्के भरले, एवढ्या दोन प्रश्नांपुरता असतो. माझ्या पत्नीचे माहेर करमाळा तालुक्यातले, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एका गावातले. त्यामुळे आमच्या घरी या पाण्याची आठवण थोडी वेगळी आहे. तिच्या लहानपणी नदीकाठच्या भोयांच्या घरून ज्वारीच्या बदल्यात मासळी येत असे. ती माणसे आता काय करतात, हे एकदा जाऊन पाहावे, असे आम्ही कित्येक वर्षे म्हणत होतो. यंदा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस मोकळे मिळाले आणि आम्ही निघालो.

पहिला दिवस : सोलापूर, माचणूर, पंढरपूर

सकाळी मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना काळ्या रानात मालदांडी ज्वारी उभी होती आणि बांधावर हुरड्याच्या आगट्या धुमसत होत्या. माचणूरला सिद्धेश्वराच्या मंदिरामागचा घाट उतरून भीमेच्या पात्रात आलो. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाची छावणी याच परिसरात पडली होती, म्हणून बहुतेक लोक किल्ला पाहायला येतात. आम्ही घाटाच्या पायरीवर ट्रकची फुगवलेली ट्यूब घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराजवळ थांबलो. ट्यूबवर बसून हाताने पाणी मारत तो डोहात जाळे लावतो. होडी नाही, कारण होडीला लागेल एवढी मासळी आता नदीत नाही, असे त्याने सांगितले.

त्याच्याकडून पहिल्यांदा नीट कळले की नदीची मासळी नेमकी कशाने तुटली. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला नदीला पूर आला की ते प्रवाहाच्या उलट चढतात आणि काठावरच्या उथळ, वाहत्या पाण्यात अंडी सोडतात. त्यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. आता वर उजनी धरण आहे आणि खाली भीमेवर ठिकठिकाणी बंधारे आहेत. पाणी कधी येईल, हे पावसावर नव्हे, तर धरणातून सोडण्याच्या वेळापत्रकावर ठरते. "पूर आला तर चढायला वाट न्हाई, आन् वाट हाय तवा पूर न्हाई," असे तो म्हणाला. त्यात वाळूचा उपसा इतका झाला आहे की जिथे गुडघाभर पाण्यात वाळूचे थर असत, तिथे आता चिखलाचे खड्डे आहेत.

दुपारनंतर पंढरपूरला पोहोचलो. चंद्रभागेत नावा चालवणारे कोळी आता वारकऱ्यांना पुंडलिकाच्या मंदिरापासून पलीकडच्या तीरापर्यंत नेण्यावरच पोट भरतात. आमच्या नावाड्याच्या घरी जाळे आहे, पण ते माळ्यावर आहे. त्याच्या मुलाने ते कधी पाण्यात टाकलेले नाही.

पंढरपुरात एकादशी टाळून गेलात तर राहायची सोय सहज होते. नावेत बसायचे असेल तर सकाळी लवकर जावे. त्या वेळी गर्दी कमी असते आणि नावाड्यांना बोलायला सवड असते.

दुसरा दिवस : भीमानगर आणि जेऊर

टेंभुर्णीहून उजनी धरणाजवळच्या भीमानगरला आलो. धरणाबद्दल दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे त्यांच्यावर अवलंबून आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि त्यातले जवळजवळ ६४ टीएमसी पाणी मृतसाठ्याचे आहे. म्हणजे वापराचे पाणी संपून धरण शून्य टक्क्यांवर आले, तरी निम्म्याहून अधिक पाणी आत असतेच. तेही उपसू लागले की आकडा उणे होतो. आपल्याकडे त्याला 'धरण मायनसमध्ये गेले' म्हणतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ही पातळी उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेली होती. तेव्हा पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडले आणि ते पाहायला लोकांची रीघ लागली.

त्याच उन्हाळ्यात मासळीचे काय झाले, हे जेऊरच्या चहाच्या टपरीवर कळले. पाणी आटले की अफाट पसरलेली मासळी थोड्या जागेत गोळा होते, आणि अशा वेळी बारीक जाळ्यांच्या टोळ्या उतरतात. या जाळ्याला इथे 'वडाप' म्हणतात. आमच्याकडे वडाप म्हणजे माणसे कोंबून नेणारी जीप. जाळ्यालाही तोच शब्द का लागला, हे टपरीवर कुणालाच सांगता आले नाही, पण दोन्हींत जे सापडेल ते आत घेतात, एवढे साम्य मला तरी दिसले.

जेऊरहून चिखलठाणमार्गे कुगावला जाताना दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी. कंदरच्या परिसरातली केळी परदेशी जातात. पाण्याच्या कडेला शेकडो मोटारी मांडलेल्या आणि त्यांचे काळे पाइप पाण्यात उतरलेले दिसतात. धरणाने या तालुक्याला किती दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. माझे सासरे त्याच धरणाच्या कामावर होते आणि त्यांना त्याचा आयुष्यभर अभिमान होता.

कुगावच्या काठावर वारा सुटला होता, म्हणून त्या संध्याकाळी आम्ही पाण्यात गेलो नाही. मे २०२४ मध्ये इथूनच पलीकडच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. दुपारनंतर आभाळ भरले असेल तर कोणी कितीही आग्रह केला तरी होडीत बसू नये, आणि लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय तर कधीच बसू नये. हातात धरलेले जॅकेट उपयोगाचे नाही.

तिसरा दिवस : केत्तूर

रात्री केत्तूरला पत्नीच्या मामेभावाकडे उतरलो होतो. पुनर्वसनानंतर या गावाचे दोन भाग झाले आणि लोक त्यांना एक नंबर, दोन नंबर म्हणूनच ओळखतात. पहाटे साडेपाचला त्यांच्या ओळखीच्या एका भोई मामांच्या पत्र्याच्या होडीत बसलो. पाण्यावर धुके इतके दाट होते की वल्ह्याचा आवाज ऐकू येई, पण वल्ह्याचे पाते दिसत नसे. मामांचे वय सत्तरीच्या आसपास असावे. त्यांचे वडील भोपळ्यांच्या सांगडीवरून भीमा ओलांडत आणि लग्नसराईत पालखीला खांदा देत. भोई समाज भटक्या जमातींच्या यादीत आहे. "भटकं म्हणत्यात आमाला, पण आमी नदी सोडून कदी गेलो न्हाई. नदीच गेली," असे मामा सहज बोलून गेले आणि जाळ्याचा पहिला खुंट शोधू लागले.

जाळे आदल्या संध्याकाळी लावलेले होते. तंगुसाचे, पारदर्शक. वरच्या दोरीला जुन्या रबरी चपलांचे कापलेले तुकडे तरंगते म्हणून बांधलेले, आणि खालच्या दोरीला मातीचे भाजलेले मणी. मामा ते हळूहळू मांडीवर ओढून घेत होते आणि मध्येच एक मासा निघत होता. पहिले सात मासे चिलापीच होते.

चिलापी म्हणजे तिलापिया. ती मूळची आफ्रिकेतली असून १९५२ साली भारतात आणली गेली. मामांनी त्यातली एक मादी उचलून तिच्या गालफडांवर अंगठा आणि तर्जनी दाबली. तिच्या तोंडातून मोहरीपेक्षा थोडी मोठी, पिवळी अंडी घळाघळा माझ्या तळहातावर पडली. ही मासळी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते. त्यामुळे साचलेल्या पाण्यात, गाळात, कमी प्राणवायूतही तिची वीण सुरूच राहते, आणि ज्या माशांना वाहते पाणी लागते त्यांची जागा ती घेत जाते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि तिथून या जलाशयात येते. होडीच्या कडेने पाणी हिरवट दिसत होते आणि त्याला शेवाळाचा वास होता. असल्या पाण्यात टिकणारी मासळीच आता जाळ्यात जास्त येते.

मग एक काळपट, खरखरीत, चिलखत घातल्यासारखा मासा निघाला. त्याच्या पंखांचे काटे जाळ्यात असे गुंतले होते की मामांना सुरीने चार-पाच धागे कापावे लागले. याला इथले लोक 'हेलिकॉप्टर' म्हणतात. दक्षिण अमेरिकेतला हा सकर मासा काचेच्या टाक्या स्वच्छ ठेवण्यासाठी विकला जातो, आणि नको झाला की लोक तो नदीत सोडून देतात. त्याला कोणी विकत घेत नाही. कापलेले जाळे मात्र मामांना दुपारी बसून सांधावे लागते. घरातल्या माशांची टाकी रिकामी करणाऱ्या प्रत्येकाने ते कापलेले धागे एकदा पाहावेत, असे मला मनापासून वाटते.

शेवटी एक मरळ निघाली, हातभर लांबीची. मामांचा चेहरा खुलला. मग त्यांनी जे सांगितले, त्यासाठीच हा सगळा प्रवास केला असे मला आज वाटते. मरळीची पिल्ले लहान असताना लालसर असतात आणि पाण्याच्या वरच्या थरात थव्याने फिरतात. आई-बाप खाली राहून त्यांची राखण करतात. असा लाल थवा दिसला की त्याच्या खाली मोठी मरळ आहे, हे कुणालाही कळते. तिथे गळ टाकला तर ती पिल्लांच्या रागाने हमखास तोंड मारते. म्हणजे धरायला सर्वांत सोपी मरळ तीच. "पर लेकुरवाळीला आमच्यात कुनी हात लावत न्हवतं," मामा म्हणाले. "माझ्या बापानं एकदा माझ्या हातातला गळ मोडून टाकला हुता."

त्यांनी मग आपल्या जाळ्याच्या आसात, म्हणजे विणीतल्या एका घरात, चार बोटे घालून दाखवली. चारही बोटे आरपार गेली. ज्या माशाचे डोके या घरातून निघून जाते तो अजून वाढायचा आहे, तो पुढच्या वर्षीचा आहे, असा त्यांचा हिशोब. होडीच्या तळाशी वडाप जाळ्याचा एक फाटका तुकडा पडलेला होता. पाण्यात वाहून आलेला त्यांनी उचलून ठेवला होता. त्याच्या आसात माझी करंगळी तर सोडाच, काडेपेटीतली काडीही अडकत होती. दिसायला ते मच्छरदाणीसारखे होते. असे जाळे लांबवर पसरून काठाकडे ओढले की बोटभर पिल्लांपासून सगळे येते. मोठी मासळी बाजारात जाते आणि बारीक मासळी काठावर वाळवून खाद्यासाठी पोत्यांनी विकली जाते, असे मामांनी सांगितले.

यात नुकसान किती आहे, हे समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कटला, रोहूची वीण जलाशयात आपोआप होत नसल्यामुळे त्यांचे बीज बाहेरून आणून सोडावे लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली. तेव्हापासून मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली असे टप्पे पार करत वाढवलेले मासे तलावांत सोडता येऊ लागले. बोटुकली म्हणजे बोटाएवढे पिल्लू. ते सोडल्यावर वर्षभरात किलोच्या आसपास भरू शकते. वडाप ते पिल्लू चार महिन्यांत, शंभर ग्रॅमचे व्हायच्या आत उचलते. मग पाणी कितीही भरलेले असले आणि बीज कितीही सोडले, तरी चार बोटांचे जाळे लावणाऱ्याच्या हाती चिलापीच येते.

मामांनी दोष केवळ बाहेरून आलेल्या टोळ्यांवर टाकला नाही. त्यांच्या स्वतःच्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी बारीक जाळे घेतले. दुसरे लोक उपसून नेणारच आहेत, तर आपण का सोडावे, हे त्याचे म्हणणे. पुतण्याशी ते त्यानंतर बोललेले नाहीत. परवाना काढणाऱ्याला आणि आस मोजून जाळे घेणाऱ्याला काही फायदा नाही, बारीक जाळ्यावर क्वचित कारवाई होते आणि आठवड्याने तेच जाळे पुन्हा पाण्यात दिसते, ही त्यांची तक्रार होती. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते ऐकले होते. पण शेतकऱ्याच्या उभ्या पिकात कोणी शिरले तर गाव धावून येते, तसे आमच्या पाण्यासाठी कोण येणार, असे त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते.

हे ऐकताना मला दोन वर्षांपूर्वीचे मालवण आठवत होते. तिथे रापण ओढणाऱ्या लोकांनी अगदी हेच सांगितले होते. किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात लावलेले जाळे सगळी वाडी मिळून ओढते आणि मासळीचे वाटे घालते, ही रापणीची पद्धत. समोर समुद्रात मात्र पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौका मासळीचा अख्खा थवा वेढून खालून तोंड आवळतात, आणि रात्री एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करतात. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर कडक निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली, २०२१ मध्ये राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारीचा कायदा सुधारून दंड वाढवला. तरीही तिथली रापण दिवसेंदिवस रिकामी येते, असे ते लोक सांगत होते. समुद्र आणि धरण यांची तुलना सर्वच बाबतीत होणार नाही. पण लेकुरवाळी मासळी सोडून देण्याचे भान ज्यांच्या अंगात मुरलेले आहे, तीच माणसे दोन्हीकडे सर्वांत आधी पाण्याबाहेर पडत आहेत, आणि याचे मला फार वाईट वाटते.

आठ वाजता धुके उठले. लांबवर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसली. परत काठाला लागल्यावर मामींनी दोन चिलाप्यांचा रस्सा केला. लसूण, सुके खोबरे, काळे तिखट आणि वरून कोथिंबीर. ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगाची चटणी. मरळ त्यांनी रांधली नाही. तिला बाजारात चांगला भाव येतो, त्यामुळे ती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली होती आणि अजून जिवंत होती. आम्हीच ती घ्यावी असे वाटले, पण मामांचे नेहमीचे गिऱ्हाईक ठरलेले होते.

केत्तूर, कुगाव भागात हॉटेले नाहीत. ओळखीने घरगुती सोय होते, तिचे पैसे आग्रहाने द्यावेत. होडीत बसून जाळे काढणे पाहायचे असेल तर आदल्या संध्याकाळी बोलून ठेवावे, आणि माणसाचा अर्धा दिवस आपण घेतो आहोत हे लक्षात ठेवून त्याची मजुरी आधी ठरवावी. पहाटे थंडी चांगलीच असते, कानटोपी न्यावी.

चौथा दिवस : भिगवण आणि परत

गाडी केत्तूरलाच ठेवून पारेवाडी स्टेशनवरून सकाळच्या पॅसेंजरने भिगवणला गेलो. हा भाग पुणे जिल्ह्यात येतो, पण पाणी एकच आहे. इथे पॅसेंजर मोजक्याच थांबतात, म्हणून परतीची वेळ आधी विचारून ठेवावी.

भिगवणचा मासळी बाजार मोठा. लिलावाच्या ओट्यांवर चिलापीचे ढीग, थर्माकोलच्या पेट्या, बर्फाचा चुरा आणि आकडे पुकारणारे आवाज. कटला होता, पण विचारल्यावर कळले की त्यातला बराचसा शेततळ्यांतला आहे. वाम एका टोपलीत, शिंगाडा मासे दोन-तीन. एका कोपऱ्यात वाळलेल्या बारीक मासळीची पोती रचलेली होती. त्यांचा फोटो काढताना एका माणसाने हात आडवा घातला, म्हणून मी मोबाइल खिशात ठेवला. बाजारात फोटो विचारूनच काढावेत.

बाहेर डिकसळ, कुंभारगावच्या बाजूला पर्यटकांच्या गाड्या लागलेल्या होत्या. पक्षी दाखवायला होड्या नेणारी बरीच मुले मच्छीमारांच्या घरातली आहेत. त्यांतल्या एकाला पट्टकादंबापासून शराटीपर्यंत सगळे पक्षी नावानिशी ठाऊक होते. त्याला जाळे लावता येते का, असे पत्नीने विचारले. "आजोबा लावायचे," तो म्हणाला. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच असतो, बाकीचे महिने तो केळीच्या गाडीवर भरणीला जातो. पक्ष्यांनी त्याला तरी पाण्यावर ठेवले, याचा आम्हाला आनंद वाटला.

संध्याकाळी केत्तूरहून गाडी घेऊन टेंभुर्णी, मोहोळमार्गे रात्री उशिरा सोलापूरला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी आणायला गेलो, तेव्हा मंडईबाहेर एका पाटीभोवती गर्दी दिसली. बोटभर मासळीचे वाटे लावलेले होते. पत्नीने त्यातला एक मासा उचलून तळहातावर ठेवला. डोके अंगाच्या मानाने मोठे, तोंड वरच्या बाजूला वळलेले, मिशा नाहीत. कटला कसा ओळखायचा, हे मामांनी होडीत तिला असेच तळहातावर ठेवून दाखवले होते. कुठली मासळी, असे तिने विचारले. उजनीची, आजचीच, असे सांगत बाईने पुढच्या गिऱ्हाइकासाठी दोन वाटे कागदात बांधले.